गॅरेजातला बुधवार

भिजायची तयारी ठेवा. तारीख ५ मार्च १९७५, वार बुधवार, संध्याकाळचे सात वाजत आलेत आणि कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क गावात पाऊस पडतोय. स्टॅनफर्ड विद्यापीठ इथून हाकेच्या अंतरावर आहे. खिशातला फोन बंद करून आतल्या कप्प्यात टाका. इथं तो कुणाच्या हाती लागला तर दिवस उजाडायच्या आत त्याचे स्क्रू निघालेले असतील, कारण तुम्ही चाललाय ते घर अशाच माणसांनी भरतंय.

गॅरेज गॉर्डन फ्रेंच नावाच्या इंजिनिअरचं. त्यानं घरच्या घरी एक संगणक जुळवलाय, नाव ठेवलंय ‘चिकन हॉक’. आत शिरताना तुम्हाला कुणी अडवत नाही, वर्गणी मागत नाही, ओळखपत्र विचारत नाही. गेल्या काही दिवसांत आसपासच्या सूचनाफलकांवर एक हाती लिहिलेला कागद झळकतोय. स्वतःचा संगणक बांधताय का, टर्मिनल बांधताय का, की असलीच काही काळी जादू चाललीय? तर या, माहितीची देवाणघेवाण करू, अशा अर्थाचं ते आवतण आहे. गटाला नाव काय द्यायचं हेही त्यात धड ठरलेलं नाही. कागद वाचून आलेल्यांची डोकी मोजलीत तर ३२ भरतील.

मध्ये ठेवलेल्या पेटीकडं बघा. तिचं नाव अल्टेअर ८८००. जानेवारीच्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर तिचा फोटो होता आणि तेव्हापासून यातल्या बऱ्याच जणांची झोप उडालीय. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीची एमआयटीएस ही कंपनी तिचे सुटे भाग ३९७ डॉलरना विकते. आतली इंटेल ८०८० ही चिप एकटी घ्यायला गेलात तर ३६० डॉलर पडतात, म्हणजे उरलेली पेटी जवळपास फुकटच. पण पेटीला कीबोर्ड नाही, पडदा नाही. समोर खटक्यांची रांग आणि लाल दिवे. स्मृती २५६ बाइट. खटके वर-खाली करून आकडे भरायचे आणि दिवे बघून उत्तर ओळखायचं. एवढ्यासाठी प्रौढ माणसं भर पावसात आलीत यावर हसू नका. आजवर यांनी जे संगणक पाहिले ते बँकेच्या, विद्यापीठाच्या किंवा लष्कराच्या मालकीचे, काचेपलीकडच्या थंड खोलीतले. आपल्याकडं तर या वर्षी संगणक नुसता बघायचा म्हटलं तरी कुलाब्याच्या टीआयएफआरसारख्या ठिकाणी ओळख काढावी लागेल. ही पेटी मात्र घरी नेता येते. बिघडली तर ती तुमच्याच हातून बिघडते.

एकेक जण उठून आपलं सांगतो. सहा जणांनी आधीच काही ना काही संगणक बांधलाय. स्टीव्ह डॉम्पियर हा जरा वेगळा गडी. पैसे भरून अल्टेअर येईना म्हणून तो थेट अल्बुकर्कीला जाऊन धडकला होता. कंपनी पाहून आलाय. त्याची बातमी अशी, की चार हजार मागण्या पडल्यात आणि माल पुरवताना कंपनीच्या नाकी नऊ आलेत. गॅरेजभर कुजबुज. चार हजार! म्हणजे आपण एकटेच वेडे नाही.

मागच्या बाजूला दाढीवाला, चोवीस वर्षांचा, कुणाशी नजर न मिळवणारा तरुण बसलाय. ह्यूलेट-पॅकार्डमध्ये कॅल्क्युलेटरचं काम करतो. टीव्हीला जोडायच्या टर्मिनलवर गप्पा होणार असं मित्रानं सांगितलं म्हणून आला. मायक्रोप्रोसेसरबद्दल इथं चाललेलं बोलणं डोक्यावरून जातंय, आणि आलो कशाला असं त्याला झालंय. हात वर करून बोलायचं धाडस त्याला पुढं कित्येक बैठकांतही होणार नाही. पण कुणीतरी वाटलेला मायक्रोप्रोसेसरच्या माहितीचा कागद तो घरी नेईल, रात्री वाचील, आणि आपण काही वर्षांपूर्वी कागदावर मांडलेल्या संगणकासारखंच हे आहे की, असं त्याला उमजेल. नाव स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक. त्याच्याकडं टक लावून बघू नका, आधीच बुजलाय.

निघायच्या वेळी एकानं इंटेलची ८००८ चिप हातात उंच धरली. कुणाला उपयोगाची आहे का? एकानं हात केला, चिप त्याला मिळाली. पैशाचा विषय निघाला नाही. इथून सुरू झालेल्या या क्लबचं सगळं शास्त्र त्या एका हालचालीत आहे असं मला वाटतं, म्हणून तुम्हाला शेवटपर्यंत थांबवलं.

आता चार वर्षं मागं चला. वाट वाकडी आहे, पण या गॅरेजात तुम्ही एका माणसाकडं पुरेसं पाहिलं नाहीत. फ्रेंचच्या जोडीनं बैठक बोलावणारा, लोकांची नावं टिपून घेणारा फ्रेड मूर. तो इंजिनिअर नाही.

१२ जून १९७१, सॅन फ्रान्सिस्को, पॅलेस ऑफ फाइन आर्ट्स. आपलं ‘होल अर्थ कॅटलॉग’ हे प्रकाशन बंद करतोय म्हणून स्टुअर्ट ब्रँडनं मोठी मेजवानी ठेवलीय. रात्री त्यानं जाहीर केलं, की वीस हजार डॉलर रोख इथंच आहेत, त्यांचं काय करायचं ते जमलेल्यांनी ठरवावं. मग जे व्हायचं तेच झालं. ध्वनिक्षेपकापुढं रांग, पन्नास माणसांच्या पन्नास योजना, मतदान, पुन्हा मतदान. नोटा गर्दीत फिरल्या आणि काही परतल्या नाहीत. मूर उठून सांगतो, की पैशावरून मतदान करण्यापेक्षा इथल्या माणसांनी एकमेकांची नावं लिहून घ्यावीत, खरी पुंजी ती आहे. पहाटेपर्यंत पांगापांग झाली आणि उरलेले सुमारे पंधरा हजार डॉलर, कुणाचंच एकमत होईना म्हणून, पैसा नको म्हणणाऱ्या याच माणसाच्या हवाली झाले. दैवाला विनोदबुद्धी असते ती अशी.

मूर १९५९ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात सक्तीच्या लष्करी शिक्षणाविरुद्ध एकटा उपोषणाला बसला होता. मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही, पण तिथल्या पायऱ्यांवर तेव्हा ते नवलच होतं. या मेजवानीनंतर त्यानं माणसांची कार्डं करायला घेतली. कुणाला काय येतं, कुणाला काय हवंय, कोण कुठं राहतं. कार्डं वाढत गेली, हातानं जुळवणं आवाक्याबाहेर गेलं, आणि तेव्हा कुठं त्याला संगणक आठवला. म्हणजे मघाचं ते गॅरेज यंत्राच्या वेडानं भरलं खरं, पण बोलावणाऱ्यांतल्या एकाला यंत्र हवं होतं ते माणसांची यादी लावायला. या क्लबच्या गोष्टीत पुढं जे श्रीमंत झाले त्यांची नावं सगळ्यांना पाठ असतात. मूरचं नाव तुम्ही आज ऐकलंत, असा माझा अंदाज आहे.

पुढची उडी एप्रिल १९७५ मध्ये. मेन्लो पार्कमधलीच पेनिन्सुला स्कूल. गर्दी गॅरेजात मावेना म्हणून क्लब फिरस्ता झालाय. डॉम्पियरला त्याची अल्टेअर मिळालीय आणि तो ती घेऊन आलाय, सोबत एक साधा रेडिओ. हवा तिथं वीजपुरवठा नाही म्हणून लांब वायर ओढून आणलीय. तो वाकून खटके टाकू लागतो. एकेक आकडा, एकेक खटका, मिनिटांमागून मिनिटं. तुम्हाला कंटाळा येणार, येऊ द्या. काम संपत येतं न येतं तोच वायरीला कुणाचा तरी पाय अडखळतो, वीज जाते आणि पेटीच्या डोक्यातलं सगळं पुसलं जातं. डॉम्पियर पुन्हा पहिल्या खटक्यापासून सुरू करतो. लोक थांबतात. असे श्रोते एखाद्या गवयालाही मिळायचे नाहीत.

आणि मग रेडिओतून बीटल्सचं ‘फूल ऑन द हिल’ वाजू लागतं. यंत्रातून आवाज काढायची सोयच नाही, मग हे आलं कुठून? झालं असं, की पेटीतल्या मंडलांची खरखर शेजारच्या रेडिओत पकडली जाते हे त्याला घरी योगायोगानं कळलं होतं. कुठला हुकूम किती वेळा फिरवला की कुठला सूर निघतो, हे त्यानं धीरानं शोधून काढलं. दुसऱ्या कुणी ती खरखर बिघाड समजून रेडिओ लांब ठेवला असता. टाळ्यांचा कडकडाट, आणि मग त्यावर आणखी एक गाणं, ‘डेझी’. तेच गाणं १९६१ मध्ये बेल लॅब्जच्या अवाढव्य संगणकाकडून गाऊन घेतलं होतं. ही थट्टा समोरच्या मंडळींना लगेच कळली.

आता जिथं आपण बराच वेळ काढणार आहोत तिथं या. स्टॅनफर्डच्या कणत्वरक केंद्राचं, म्हणजे स्लॅकचं, सभागृह. दर दुसऱ्या बुधवारी इथं बैठक भरते आणि माणसं शेकड्यांत येतात. फ्रेंच नोकरीसाठी दूर बाल्टिमोरला गेला. आता पुढं उभा आहे ली फेल्सनस्टीन, हातात लांब काठी. ती तो शाळामास्तरासारखी नाचवतो, आणि एखादा लांबण लावू लागला की तिच्याच टोकानं दुसऱ्याला बोलतं करतो. बर्कलीच्या विद्यार्थी चळवळीतून आलेला हा माणूस. १९७३ मध्ये त्यानं आणि त्याच्या मित्रांनी बर्कलीत एका रेकॉर्डच्या दुकानात टेलिटाइप ठेवला होता, दूरच्या संगणकाला जोडलेला. ‘कम्युनिटी मेमरी’ त्याचं नाव. येणारा-जाणारा त्यावर निरोप टाकायचा. खोली हवी, गिटार विकणे आहे, चांगला पाव कुठं मिळतो.

बैठकीचे दोन भाग. पहिल्यात ‘मॅपिंग’. हात वर करायचा, काठी तुमच्याकडं वळली की उठून थोडक्यात सांगायचं, माझ्याकडं हे आहे, मला हे हवंय, इथं माझं अडलंय. उत्तर तिथं द्यायचं नाही, फक्त ऐकायचं की कोण काय बोललं. दुसऱ्या भागात खुर्च्या सोडून मोकाट सुटायचं आणि मघाशी हेरलेल्या माणसाला गाठायचं. एवढंच. पण एवढ्यात केवढं काम होतं ते बघा. एकाचा मेमरी बोर्ड चालेना, त्याला कारण कळतं. एकाला ऑसिलोस्कोप हवाय, दुसऱ्याकडं तो शनिवारी मोकळा आहे. आडनाव विचारायच्या आधी चिपचा नंबर विचारला जातो. बैठक सुटल्यावर बाहेर गाड्यांच्या तळावर जे चालतं ते तर मुंबईचा लॅमिंग्टन रोडच. मोटारीच्या मागच्या झाकणाखाली चिपा, बोर्ड, कुठल्या कंपनीच्या कपाटातून आल्या हे न विचारायच्या वस्तू.

दारापाशी खोक्यातून पुस्तकं विकणारा उंच, मिशीवाला गृहस्थ दिसला? अ‍ॅडम ऑस्बोर्न. मायक्रोसंगणकांवर स्वतः लिहिलेली पुस्तकं स्वतःच खपवतोय. इंग्लिश बोलण्याची ढब ब्रिटिश, पण बालपण तमिळनाडूत, तिरुवण्णामलैला, कारण वडील रमण महर्षींचे भक्त. १९८१ मध्ये हाच माणूस फेल्सनस्टीनकडून आराखडा करून घेऊन हातात धरून न्यायचा संगणक बाजारात आणील, १,७९५ डॉलरचा, ११ किलो वजनाचा. हातात धरून नेणं ही ज्याच्या-त्याच्या हाताची बाब. ऑस्बोर्न शेवटी कोडाईकनालला परतला आणि २००३ मध्ये तिथंच गेला.

आणि सभागृहात कोण नाही तेही बघा. बायका जवळपास नाहीतच. काळ्या माणसांत जेरी लॉसन दिसेल आणि त्याच्याखेरीज फार तर एखादा. लॉसन फेअरचाइल्डमध्ये आहे. १९७६ मध्ये त्याच्या हाताखाली तयार झालेला चॅनल एफ हा काडतूस बदलून खेळ बदलायचा पहिला घरगुती खेळसंच. क्लबाला दार नव्हतं हे खरं, पण दारापर्यंत पोचायला ज्या नोकऱ्या आणि जे शिक्षण लागायचं, त्याला चांगली भक्कम दारं होती.

जून १९७५ चा प्रकार जाता जाता सांगायला हवा, कारण त्याचं भांडण अजून मिटलेलं नाही. पालो अल्टोच्या रिकीज हॉटेलात एमआयटीएसनं आपल्या मालाचं प्रदर्शन मांडलं. तिथं अल्टेअरवर बेसिक ही भाषा चालत होती. बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलननं लिहिलेली, भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर साठवलेली. नुसती भाषा विकत घ्यायची तर ५०० डॉलर, म्हणजे संगणकापेक्षा जास्त. ज्यांनी आगाऊ पैसे भरले होते त्यांनाही ती मिळालेली नव्हती. त्या गर्दीत एक पट्टी कुणीतरी उचलली. क्लबच्या पुढच्या एका बैठकीत तिच्या प्रतींचं खोकंच आलं. अट एकच, एक न्यायची तर पुढच्या वेळी दोन आणायच्या.

३ फेब्रुवारी १९७६ च्या तारखेचं गेट्सचं खुलं पत्र क्लबच्या वार्तापत्रात छापलं गेलं. हिशेब असा, की अल्टेअरवाल्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी जणांनी बेसिक विकत घेतलं, संगणकाचा वेळच चाळीस हजार डॉलरहून अधिक किमतीचा गेला, आणि मिळकत तासाला दोन डॉलरही पडत नाही. बहुतेक जण सॉफ्टवेअर चोरता, असं त्यानं सरळ सुनावलं. तो तेव्हा वीस वर्षांचा होता. क्लबातले लोक भडकले. माझं मत विचाराल तर गेट्सचा प्रश्न खोटा नव्हता. महिनोन्‌महिने राबणाऱ्याला पैसे कुणी द्यायचे? पण क्लबाकडं त्याचं उत्तरही होतं आणि ते शिव्या देण्यापेक्षा चांगलं होतं. मेन्लो पार्कच्या ‘पीपल्स कॉम्प्युटर कंपनी’भोवतीच्या मंडळींनी ‘टायनी बेसिक’ नावाची तोकडी भाषा कशी लिहावी हे सगळ्यांसमोर मांडलं. ज्यानं-त्यानं आपली आवृत्ती लिहिली. ली-चेन वांगनं आपल्या आवृत्तीच्या माथ्यावर हक्क राखीव ठेवण्याच्या शब्दांची उलटी चेष्टा छापली. टॉम पिटमननं आपली पाच डॉलरला विकायला काढली, आणि चोर ठरवलेल्या याच लोकांनी पाच-पाच डॉलर पाठवलेही.

१९७६ च्या वसंतात पुन्हा स्लॅकला या आणि विजेच्या जोडणीजवळची जागा पकडा, कारण वॉझ्निअ‍ॅक तिथंच बसतो. समोर एकच बोर्ड, शेजारी टीव्ही. त्यात एमओएस ६५०२ ही चिप, एका प्रदर्शनात स्वस्तात घेतलेली. गेले काही महिने तो या यंत्राचे आराखडे क्लबात फुकट वाटतोय, वर कुणाच्या घरी जाऊन जोडून द्यायलाही तयार. आता त्याचा मित्र स्टीव्ह जॉब्ज म्हणतो, वाटतोस कशाला, बोर्ड विकू. १ एप्रिलला कंपनी निघालीय. पॉल टेरेल नावाच्या दुकानदारानं इथंच ते यंत्र पाहिलं आणि जुळवलेले पन्नास नग मागितले, नगाला ५०० डॉलर. सभागृहात या गोष्टीची फारशी खळबळ दिसत नाही ना? यातल्या अनेकांना तो बोर्ड विशेष वाटत नाही, कारण त्यांचं सगळं अल्टेअरच्या पद्धतीवर बेतलेलं आहे.

बैठकीनंतर भूक लागली असेल तर ‘ओएसिस’मध्ये चला. बीअर, बर्गर, विद्यार्थ्यांनी नावं कोरून ठेवलेली लाकडी बाकं. इथं बारा माणसं एका टेबलाला बसतात आणि कागदी रुमालांवर सर्किटं काढतात. बसून घ्या, कारण हे फार दिवस टिकायचं नाही. एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअर भरेल, बारा हजारांहून जास्त लोक लोटतील, आणि क्लबातलेच चेहरे तिथं आपापल्या दुकानांमागं उभे असतील. फेल्सनस्टीनच्या मोजदादीप्रमाणं क्लबातून निदान २३ कंपन्या निघाल्या. त्यानंतरच्या ‘मॅपिंग’ला बसलात तर फरक जाणवेल. एखादा उठून अडचण सांगतो. तुम्हाला दिसतं, की तिसऱ्या रांगेतल्याला उत्तर माहीत आहे. तो गप्प बसतो, कारण ते उत्तर आता त्याच्या कंपनीचा माल आहे. मूर केव्हाच गेलाय, १९७५ संपायच्या आतच, पुन्हा आपल्या चळवळींकडं. क्लब कुणी मोडला नाही. तो रेंगाळत १९८६ च्या डिसेंबरपर्यंत चालला.

तोवर दुसरीकडं वेगळ्या जातीचे क्लब फोफावले होते. बोस्टन कॉम्प्युटर सोसायटी १९७७ मध्ये जोनाथन रोटेनबर्ग या तेरा वर्षांच्या मुलानं काढली आणि तिची सभासदसंख्या पुढं तीस हजारांपर्यंत गेली. तिथं चिपा नाहीत, तक्रारी. कुठला प्रिंटर घेऊ, ही फ्लॉपी का वाचत नाही. इंजिनिअर मंडळी याला नाकं मुरडत. पण दुकानदार ऐकेना आणि कंपनी फोन उचलेना, तेव्हा सामान्य माणसाला शेजारचा जाणकारच उपयोगी पडला, आणि माझ्या मते ते काम सर्किटापेक्षा कमी दर्जाचं नव्हतं.

शेवटचा थांबा तुमच्या ओळखीचा. पुणे, २००० च्या आसपास. कॉलेजच्या एका खोलीत लिनक्स युजर्स ग्रुपची मंडळी जमलीत. मुंबईतही असाच गट आहे. बाहेर रिक्षातून माणसं उतरतायत, मांडीवर संगणकाचा कॅबिनेट धरून, कारण आज लिनक्स घालून मिळणार आहे. सीडी ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाबरोबर फुकट आलेली, घरी तीनदा घालून पाहिलेली आणि तीनदा फसलेली. तुम्हीही तुमचा डबा टेबलावर ठेवता. बाह्या सारलेला एक पोरगा न बोलता बाजूचे स्क्रू काढतो, आत डोकावतो आणि विचारतो, “मोडेम कुठला? विनमोडेम ना?” तुम्ही हो म्हणता. त्याचा चेहरा पडतो, कारण त्या मोडेमचं अर्धं काम विंडोज करतं आणि लिनक्सशी त्याचं जमत नाही. तो खोलीकडं वळून ओरडतो, “कुणाकडं जादा सिरियल मोडेम आहे का रे?” दोघं हात वर करतात. त्यातल्या एकाला तो शनिवारपर्यंत परत हवाय.